गीत निवडणारा आणि गीत विकणारा : उपासना आयोगांना खुले पत्र

प्रति,
वसई, मुंबई, पुणे, नाशिक आणि महाराष्ट्रातल्या इतर धर्मप्रांतांचे उपासना आयोग,
तसेच धर्मग्रामांतल्या गायनमंडळांचे प्रमुख यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

मराठी मिस्सागीतांचं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत गायच्या गीतांचं, एक सामायिक पुस्तक व्हावं, त्याचं अ‍ॅप निघावं आणि ते काम एखाद्या 'प्रोफेशनल' प्रकाशकाला देऊन टाकावं, असं बोलणं गायनमंडळांच्या ग्रुपवर अधूनमधून निघतं. लगेच कुणीतरी अमेरिकेचा दाखला देतं. तिकडे बघा, दर वर्षी छापील पुस्तक घरपोच येतं, पियानो-गिटारचं नोटेशन येतं, रेकॉर्डिंग येतं, कुणाला काही शोधावं लागत नाही. मी मूळचा वसईचा, सध्या न्यू जर्सीतल्या एका धर्मग्रामात गातो आणि गायनमंडळाची कागदपत्रं सांभाळतो. ते पुस्तक दर रविवारी माझ्या हातात असतं. ते कसं तयार होतं, त्यातली गीतं कोण ठरवतं आणि पैसा कुठून कुठे जातो, हे तुमच्या निर्णयाआधी तुमच्या कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं मागणं एकच आहे. गीतांना मान्यता देणारा आणि गीतं विकणारा, यांच्यात अंतर ठेवा. अमेरिकेत ते कधी मिटलं हे तिथल्या लोकांनाही नीट कळलं नाही, कारण ते कुणी ठरवून मिटवलं नाही.

साठच्या दशकात जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, तिच्या आधी मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि हा धंदा लहान होता. आज शिकागोत असलेली जीआयए ही प्रकाशनसंस्था 1941 मध्ये 'ग्रेगोरियन इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' या नावाने निघाली, ऑर्गन वाजवणाऱ्यांना ग्रेगोरियन गायन शिकवायला. वर्ल्ड लायब्ररी ही दुसरी प्रकाशनसंस्था 1950 मध्ये सिनसिनाटीत ओमर वेस्टनडॉर्फ यांनी काढली. पोर्टलंडच्या ओसीपीचा, म्हणजे ओरेगन कॅथलिक प्रेसचा, तर सुरुवातीला संगीताशी संबंधच नव्हता. 1922 मध्ये ओरेगनात कॅथलिकांविरुद्ध वातावरण तापलं होतं, तेव्हा उत्तरादाखल पत्रकं छापायला 'कॅथलिक ट्रुथ सोसायटी' स्थापन झाली, तीच ही संस्था. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला आणि 1964 च्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, अमेरिकेत इंग्रजी मिस्सा सुरूही झाली. हजारो धर्मग्रामांना लगेचच्या रविवारी गायला काहीतरी हवं होतं. बिशपांकडे पुस्तक नव्हतं, प्रकाशकांकडे छापखाना होता. त्या धांदलीत ज्याने आधी छापलं, त्याचं गाणं रुजलं. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. रिकाम्या जागेत दुकान थाटलं गेलं, इतकंच.

मग सत्तरच्या दशकात गिटारगीतांचा जोर वाढला. सेंट लुईसच्या, जेझुइट धर्मसंघातल्या पाच जणांची गीतं फिनिक्सच्या एका प्रकाशकाने 'ग्लोरी अँड प्रेज' या संग्रहातून देशभर पोचवली. मुंबईच्या इंग्रजी मिस्सांना गेलेल्या कुणालाही त्यातल्या डॅन शुट यांचं 'हिअर आय अ‍ॅम, लॉर्ड' परकं नाही, ते 1981 चं. 1994 मध्ये हा सगळा संग्रह ओसीपीने विकत घेतला. गाणं तेच, रचनाकार तोच, मालक नवा. पुढे 2020 मध्ये जीआयएने वर्ल्ड लायब्ररी घेतली. म्हणजे आज इंग्रजी कॅथलिक गीतांचा मुख्य बाजार पोर्टलंड आणि शिकागो या दोन शहरांतून चालतो. बाकी मिनेसोटाच्या बेनेडिक्टाइन मठाचं लिटर्जिकल प्रेस आणि थोडे लहान खेळाडू. देशातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश कॅथलिक चर्चमध्ये आपली पुस्तकं आहेत असं ओसीपी सांगते.

आता पडद्यामागचं. सगळ्यात चलाख गोष्ट म्हणजे पुस्तक एका वर्षात शिळं होतं. त्यात त्या वर्षाची वाचनं छापलेली असतात, त्यामुळे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जुना गठ्ठा रद्दीत जातो आणि नवा बाकांवर येतो. धर्मग्राम ग्राहक होतो, वर्गणीदार होतो. पक्क्या बांधणीचं गीतपुस्तक एकदा घेतलं की वीस वर्षं टिकतं, त्यात प्रकाशकाला काय मिळणार? वर्षाच्या पुस्तकात मात्र दर वेळी थोडी नवी गीतं घालता येतात, थोडी जुनी गुपचूप काढता येतात. एखादं गीत पुस्तकातून गेलं की दोन वर्षांत ते लोकांच्या तोंडूनही जातं. ते का गेलं, कुणी काढलं, हे बाकावर बसलेल्या माणसाला कधी कळत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वर्गणीबरोबर नियोजनाचं मार्गदर्शक मिळतं. अमुक रविवारी प्रवेशाला हे, अर्पणाला हे, ख्रिस्तप्रसादाला हे, अशा शिफारशी वाचनांना जुळवून तयार असतात आणि त्या अर्थातच त्याच प्रकाशकाच्या पुस्तकातल्या क्रमांकांच्या असतात. दिवसा नोकरी करून शुक्रवारी रात्री यादी करायला बसणारा कॉयरमास्टर काय करणार? तो शिफारस उचलतो. मीही उचलतो. म्हणजे हजारो धर्मग्रामांची प्रार्थना त्या रविवारी एका संपादकीय खोलीत ठरते. त्या खोलीतली माणसं जाणती असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी उपासनाशास्त्राचा रीतसर अभ्यास केलेला असतो. पण त्यांना निवडलं कुणी? प्रकाशकाने.

आणि जाहिरात? चर्चच्या संगीतकारांची राष्ट्रीय संघटना आहे, 1976 पासूनची. तिच्या अधिवेशनांत प्रकाशकांची सादरीकरणं होतात. नव्या गीतांची पानं फुकट वाटतात, रचनाकार स्वतः पुढे उभा राहून गाऊन घेतो, आणि शेकडो तयार गळ्यांनी गायलेलं कुठलंही गाणं छानच वाटतं. आपल्या धर्मग्रामातल्या सात-आठ जणांच्या कॉयरने तेच उचललं की खरं काय ते कळतं. असो.

हे सगळं होत असताना बिशप कुठे होते? हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. रोमन मिस्साग्रंथाच्या सामान्य निर्देशांच्या अमेरिकन आवृत्तीत, कलम 48 मध्ये, प्रवेशगीताला चार पर्याय दिलेत. आधीचे पर्याय ठरलेल्या प्रवेशओळी, स्तोत्रं आणि मान्य संग्रहांचे आहेत. शेवटचा पर्याय दुसऱ्या एखाद्या योग्य गीताचा, बिशप परिषदेने किंवा धर्मप्रांताच्या बिशपांनी मान्य केलेल्या. अमेरिकेत जवळजवळ सगळं गायन या शेवटच्या खिडकीतून आत येतं, आपल्याकडेही तेच. ग्लोरिया, सँक्टस अशा मिस्सेच्या ठरलेल्या भागांना लावलेली नवी चाल बिशप परिषदेच्या उपासना सचिवालयाकडे तपासायला जाते. बाकी गीतांसाठी प्रकाशक ज्या धर्मप्रांतात आहे तिथली परवानगी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापली जाते आणि त्या बळावर ते पुस्तक देशभर चालतं. ओसीपी ही पोर्टलंडच्या महाधर्मप्रांताशी संलग्न, ना-नफा संस्था. तिच्या पुस्तकावरची परवानगी त्याच महाधर्मप्रांताची. कुंपणाने शेत खाल्लं असा आरोप मी करत नाही. कुंपण आणि शेत एकाच सातबाऱ्यावर आहे, एवढंच दाखवतोय.

रोमला हे खुपलं नाही असं नाही. 2001 च्या 'लितुर्जियाम ऑथेंटिकाम' या निर्देशपत्राने पाच वर्षांच्या आत प्रत्येक बिशप परिषदेने उपासनागीतांची निर्देशिका करावी असं सांगितलं. अमेरिकन बिशपांनी 2006 च्या नोव्हेंबरात मसुद्यावर मतदानही केलं. बांधील अशी राष्ट्रीय गीतयादी आजतागायत प्रत्यक्षात उतरलेली नाही. 2020 च्या अखेरीस त्यांच्या धर्मसिद्धांत समितीने गीतांचे शब्द पारखण्यासाठी एक मार्गदर्शिका काढली आणि काही गीतांवर, त्यांतली काही तर लोकांच्या तोंडी चांगलीच बसलेली, नेमकं बोट ठेवलं. ती गीतं तोवर कित्येक वर्षं परवानगीसह छापली, विकली, गायली जात होती.

वरून स्पष्ट शब्द आला की प्रकाशक ऐकतात, हेही सांगतो. 29 जून 2008 च्या पत्राने रोमने 'याहवे' हे नाव उपासनेत उच्चारू नये असं कळवलं. शुट यांच्याच एका लाडक्या गीताची सुरुवात त्या नावाने होती. नव्या आवृत्तीत तिथे 'ओ लॉर्ड' आलं आणि लोक आठवडाभर अडखळून पुढे गायला लागले. अधिकार होता. एरवी तो वापरलाच गेला नाही.

आता पैशाकडे येतो. रविवारी मी जे छापील पान तयार करतो, त्यातलं प्रतिसाद-स्तोत्र घ्या. पानाच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ओळी असतात. लोकांनी म्हणायच्या ध्रुवपदाचे हक्क आयसेलचे, म्हणजे इंग्रजी उपासनेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे. तिथे 1969, 1981, 1997 अशी वर्षं. एकट्या गायकाने म्हणायच्या कडव्यांचे हक्क वॉशिंग्टनच्या एका बिशप-संलग्न संस्थेचे; तिथे 1970, 1997, 1998. चालीचे हक्क प्रकाशकाचे. शेवटी आमचा परवाना क्रमांक. दावीद राजाच्या नावावरचं एक स्तोत्र आणि त्याला तीन मालक. यातली एक ओळ राहिली तर चूक माझी.

परवान्याची पद्धत अशी. वर्षाची फी चर्चमधल्या सरासरी उपस्थितीवर ठरते. मग दर आठवड्याला कुठली गीतं छापली, पडद्यावर दाखवली, थेट प्रक्षेपणात गेली, हे संकेतस्थळावर भरायचं. त्या नोंदींवरून जमा रक्कम हक्कदारांत वाटली जाते. अमेरिकन कायद्यात चर्चमधल्या उपासनेत गाण्याला सूट आहे. तुम्ही गायलात म्हणून कुणी पैसे मागत नाही. पैसे लागतात ते नक्कल करायला, म्हणजे छापायला, पाठवायला, प्रक्षेपित करायला. करोनात चर्चं बंद पडली आणि सगळे एकदम प्रक्षेपणावर आले, तेव्हा असा परवाना देणाऱ्या वनलायसेन्स या संस्थेने काही आठवडे परवाना फुकट दिला होता, हे त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे.

ही परवान्याची कल्पना एका भांडणातून आली. शिकागोत डेनिस फिट्झपॅट्रिक यांची एफईएल नावाची कंपनी होती. साठच्या दशकातली गिटारगीतं तिची. धर्मग्राम ती सर्रास झेरॉक्स करत, पैसे देत नसत. 1972 मध्ये कंपनीने वर्षाला शंभर डॉलरचा नक्कल-परवाना काढला. तरी नक्कल चालूच राहिली. 1976 मध्ये कंपनीने शिकागो महाधर्मप्रांतावर खटला भरला, आणि महाधर्मप्रांताने आपल्या चर्चमधली त्या कंपनीची सगळी पुस्तकं गोळा करायला सांगितलं. 1984 मध्ये ज्युरीने तीस लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली. पुढच्या वर्षी अपिलात त्यातला मोठा भाग टिकला नाही, पण आकडा ऐकून देशभरच्या पाळकांच्या पोटात गोळा आला. पोर्टलंडच्या एका प्रोटेस्टंट चर्चमधल्या संगीतप्रमुखाने त्या बातमीनंतर जी योजना सुरू केली, तिचीच पुढे सीसीएलआय ही जगभरची परवाना-संस्था झाली.

या खटल्यात मी कुणाच्या बाजूचा, असं विचाराल तर रचनाकाराच्या. फादर लोकांना झेरॉक्स हा धर्मकार्याचा भाग वाटत होता आणि ज्याने गाणं लिहिलं त्याला कवडी मिळत नव्हती. प्रकाशकांची ही जमेची बाजू मी लपवणार नाही. ते करार करतात, मानधन देतात, शब्दांची आणि स्वरांची तपासणी करतात, नोटेशन स्वच्छ छापतात. छापील प्रतीच्या विक्रीवर रचनाकाराला सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं आणि कवी व संगीतकार वेगळे असले की त्याचेही वाटे होतात. म्हणजे श्रीमंत कुणी होत नाही, पण हिशेब असतो. आपल्याकडे नाव छापलं तरी पुष्कळ, अशी गत आहे.

मात्र याच व्यवस्थेतून रचनाकार 'स्टार' झाले. 2020 मध्ये अशाच एका नामांकित रचनाकारावर अनेक स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केले. प्रकाशकांनी त्याच्याशी संबंध तोडले, अनेक धर्मप्रांतांनी त्याची गीतं बंद केली. पण पुस्तकं तर बाकांवर होती. हे गायलं तर पैसे कुणाला जातात, असा प्रश्न मिस्सेनंतरच्या कॉफीच्या टेबलावर आजीबाई विचारायला लागल्या, आणि उत्तर द्यायला तिथे प्रकाशक नव्हता, मी होतो.

अजून एक गोष्ट, जी आयोगांनी कान देऊन ऐकावी. मिसुरीतल्या कन्सेप्शन मठाच्या साधूंनी स्तोत्रांचं 'रिव्हाइज्ड ग्रेल' भाषांतर केलं, 2010 मध्ये त्याला रोमची मान्यता मिळाली. पण ते वापरायचे परवाने देण्याचं काम जीआयए पाहत होती. म्हणजे चर्चने मान्य केलेली स्तोत्रं छापायला इतर प्रकाशकांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात जायचं. पुढे बिशप परिषदेने हक्क स्वतःकडे घेतले आणि 'अ‍ॅबी साम्स अँड कँटिकल्स' या नावाने सुधारित भाषांतर आणलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

सगळीकडे असंच चालतं असंही नाही. कॅनडात बिशप परिषदेनेच 'कॅथलिक बुक ऑफ वर्शिप' काढलं, तिसरी आवृत्ती 1994 ची. जर्मन भाषेत 1975 पासून 'गोटेसलोब' आहे, 2013 मध्ये नवं झालं. मोठा भाग सगळ्यांना सामायिक आणि मागे प्रत्येक धर्मप्रांताची आपली पुरवणी. मला वाटतं, महाराष्ट्राला हाच साचा शोभेल. वसईची गीतं, नगर-नाशिककडची गीतं आणि विदर्भातली गीतं एका पोतडीत कोंबायची गरज नाही. मुळात गोव्यात कोकणी 'गायनांचो झेलो' हा गीतसंग्रह धर्मप्रांताच्या घरातूनच आला. त्यासाठी कुणी पोर्टलंड गाठलं नव्हतं.

तर आता मागणं, जरा सविस्तर.

गीतं पारखणारी समिती आणि पुस्तक छापणारी संस्था यांत एकही समान माणूस नसावा. समितीने एखादं गीत का घेतलं, का वगळलं, याचं दोन ओळींचं कारण लिहून धर्मग्रामांना कळवावं. समितीत एक तरी बाई असावी जिने खेड्यातल्या कॉयरला बिनपेटीचं गायला शिकवलंय. नोटेशन वाचणारे पुष्कळ मिळतील. प्रकाशकाला छपाईचं काम जरूर द्या, चांगला दर द्या, पण हक्क देऊ नका. मिस्सेचे शब्द आणि स्तोत्रांचे शब्द कुणालाही, अगदी पाड्यावरच्या चर्चलाही, फुकट छापता आले पाहिजेत. पुस्तक टिकाऊ करा. दर वर्षी रद्दीत जाणारं करू नका, आपली धर्मग्रामं तो खर्च कुठून भागवणार?

कायद्याचं थोडं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(za) मुळे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायला परवानगी लागत नाही. पण ग्रुपवर पीडीएफ फिरवणं आणि पुस्तक छापणं त्यात बसत नाही. अमेरिकन गीतांच्या पीडीएफ तर आपण बिनदिक्कत फिरवतो; त्यावर रागावून उपयोग नाही, त्यांची मराठी भाषांतरं पुस्तकात घेण्याआधी लेखी परवानगी मागा म्हणजे झालं. भाषांतराचा हक्कही मूळ मालकाकडेच असतो. मराठी रचनाकारांशी करार करताना कलम 19 वाचा. हक्क दिल्याचा कागद लेखीच लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. उद्या कुणी आयोगावर बोट ठेवू नये यासाठी मुदत, मोबदला आणि बदल करण्याची अट तिन्ही लिहा. हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये गेले, म्हणजे त्यांची पदं केव्हाची मोकळी आहेत. 'उपासना संगीत' या प्रोटेस्टंट गीतसंग्रहातून ती आपल्या कॅथलिक कॉयरनीही उचललीच आहेत. व्हॅटिकन परिषदेनंतरच्या आपल्या गीतांचं मात्र तसं नाही.

आणि तिथेच खरी घाई आहे. परिषदेनंतर मराठीत पहिली मिस्सागीतं रचणारे फादर आणि शाळामास्तर एक तर गेले किंवा फार थकलेत. त्यांच्या गीतांवर आज 'पारंपरिक' असं लिहिलेलं मी पाहतो. परवानगीचा साधा एकपानी नमुना आयोगाने मराठीत काढावा आणि गायनमंडळांच्या प्रमुखांनी आपल्या धर्मग्रामातल्या रचनाकाराच्या किंवा त्याच्या मुला-पुतण्यांच्या घरी जाऊन त्यावर सही घ्यावी. नाताळच्या सुट्टीत मी वसईला येतोय, उत्तर वसईची यादी करायला बसायची माझी तयारी आहे. तोवर कुणाच्या माळ्यावर सायक्लोस्टाइल केलेली जुनी गीतपत्रकं असतील तर ती रद्दीवाल्याला घालू नका. नावं बहुतेक तिथेच सापडतील, पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेली.

आपला,
वसईचा एक गायक
सध्या मुक्काम न्यू जर्सी